थंड पायाचा आकडा

जिन्यावर मागून कुणीतरी ओरडलं, "ओ बाई, चप्पल राहिली तुमची!"

बाई थांबली. वळून पाहिलं तर चार पायऱ्या खाली एक तपकिरी चप्पल आडवी पडली होती आणि ती तिचीच होती. उजव्या पायात काही नव्हतं. गार फरशीवरून चार पायऱ्या ती अनवाणी चढून आली होती आणि पायाने तिला एका शब्दानेही कळवलं नव्हतं. चप्पल उचलून देणारा गृहस्थ हसून म्हणाला, "घाई फार दिसते." "हो ना," म्हणत तीही हसली. चप्पल पायात सरकवताना मात्र तिला कठड्याला धरून उभं राहावं लागलं.

तुमची-आमची चप्पल निसटली असती तर आपण चांभाराला दोन शिव्या घालून कामाला लागलो असतो. पण ही बाई याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर चौदा वर्षं लोकांच्या नसा तपासत होती. हातापायाला छोटे छोटे करंट द्यायचे, नसेतून निरोप किती वेगाने पळतो ते यंत्रावर मोजायचं आणि आकडे डॉक्टरांकडे पाठवायचे, हे तिचं काम. पेशंट तिला करंटबाई म्हणत. तोंडावर ताई आणि बाहेर बाकड्यावर करंटबाई. नाव तिच्या कानावर आलं होतं आणि तिला ते आवडायचंही, कारण दवाखान्यात दुसरं कुणी इतकं प्रसिद्ध नव्हतं. तर अशा बाईला, चप्पल निसटणं वेगळं आणि निसटलेली न कळणं वेगळं, हे कुणी सांगायला नको होतं.

शिवाय तिचे वडील होते. म्हणजे आता नव्हते. पोस्टमन होते ते. सगळा जन्म पायांवर काढलेला माणूस. चाळिशीत त्यांच्या चपला हरवायला लागल्या. एकदा बाजारात, एकदा पुलावर, एकदा तर एक पाय चपलेत आणि एक धुळीत, असे ते घरी आले आणि सगळं घर पोट धरून हसलं. सगळ्यात जास्त हीच हसली होती, तेव्हा दहा वर्षांची होती. मग ते पाय उचलून उचलून टाकायला लागले, मग काठी आली, मग खुर्ची. नसा वाळताहेत, डॉक्टरांनी सांगितलं, आणि हा आजार रक्तातून पुढच्या पिढीत उतरू शकतो. उतरेल किंवा नाही उतरणार, नाणं उडवावं तसं. तिच्या वाट्याला नाणं कसं पडलं ते तिने कधी पाहिलं नव्हतं.

पाहणं अवघड होतं असं नाही. यंत्र हाताशी होतं. रोज सकाळी ते सुरू केलं की ती आधी स्वतःच्या डाव्या मनगटावर तपासून घ्यायची आणि आकडा यायचा छप्पन, सत्तावन्न. सेकंदाला सत्तावन्न मीटर. झकास. हा आजार आधी पायांत शिरतो आणि हातांपर्यंत यायला वर्षं घेतो, हे तिला पाठ होतं. तरी चौदा वर्षांत तिने पायाला हात लावला नव्हता. मोठ्या डॉक्टरांनी एकदा सहज म्हटलं होतं, "एकदा पायांचंही करून घे की गं." तेव्हा तिने, मोजे काढायचा कंटाळा येतो म्हणून विषय उडवून लावला होता.

आज मनगटाचा आकडा आला सत्तावन्न, आणि तिला यंत्राचा राग आला.

सकाळचा पहिला पेशंट रंगारी होता. शिडीवर पाय थरथरतो म्हणून आलेला, धिप्पाड, आणि सुईपेक्षा करंटला जास्त भ्यायलेला. मावशी त्याच्या पायाशी फरशी पुसत होत्या. मावशी म्हणजे या खोलीच्या जुन्या सेविका. त्या पुढच्या वर्षी निवृत्त व्हायच्या होत्या आणि दवाखाना आपल्या पाठीमागे चालणार कसा याची त्यांना काळजी होती. बाईने रंगाऱ्याला पलंगाच्या कडेला बसवलं, पाय लोंबते सोडायला सांगितले आणि गुडघ्याच्या वाटीखाली रबरी हातोडीने टक्कन मारलं. पाय सटकन उडाला आणि मावशींची बादली कलंडली.

"मी नाही केलं हो!" रंगारी कळवळून म्हणाला. "आपोआप झालं!"

"तुम्ही नाहीच केलं," बाई म्हणाली. "तुम्हाला विचारलंय कुणी?"

"मग कुणी केलं? मी?" मावशींनी विचारलं.

हे समजावून सांगणं हा बाईचा आवडता भाग. आज नको वाटत होतं, पण तोंडाला सवय होती. "हे बघा, मी इथं ठोकलं की मांडीचा स्नायू झटक्यात ताणला गेला. तिथल्या नसेने लगेच वर्दी दिली, स्नायू ताणला म्हणून. ती वर्दी डोक्यापर्यंत जातच नाही. पाठीच्या कण्यात जाते. तिथं दुसरी नस तयारच बसलेली असते, ती हुकूम घेऊन तशीच उलट्या पावली खाली येते, पाय उडव म्हणून. पाय उडतो. डोक्याला मागून कळतं, अरे, उडाला वाटतं."

"आमच्या सुपरवायझरसारखं," रंगारी म्हणाला.

"अगदी. गरम भांड्याला बोट लागलं की हात मागे येतो ना, तेही तसंच. डोकं विचार करत बसलं असतं तर बोट भाजून निघालं असतं. म्हणून ते काम डोक्याकडे ठेवलेलंच नाही."

"आणि वर्दीच नाही गेली तर?" मावशींनी पोछा पिळता पिळता विचारलं.

बाईच्या हातात हातोडी तशीच राहिली. "मग काय," ती म्हणाली, "मग कुणालाच काही कळत नाही." तिने पुढच्या तपासणीसाठी रंगाऱ्याच्या पायावर चिकटपट्ट्या लावायला घेतल्या आणि पहिली पट्टी उलटीच लावली.

रंगाऱ्याचे आकडे चांगले आले. तो जाताना दहादा आभार मानून गेला, जणू नसा तिनेच बसवून दिल्या होत्या. त्यानंतर एक शिक्षिका, मग एक म्हातारे वकील. बाई काम करत होती, बोलत होती, आणि आत एकच गोष्ट घुमत होती. स्वतःसाठी ती इतकी घाबरली नसती. तिला वडिलांची खुर्ची दिसत होती, पण त्या खुर्चीत ती स्वतः बसलेली नव्हती. तिला एक मुलगी होती. अकरा वर्षांची. घरात तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती चालत कुठे जातच नसे, पळत जाई, आणि पळायला जागा नसेल तर जागच्या जागी गिरक्या घेई. आजोबांचं जर आईत उतरलं असेल तर आईचं भिंगरीत उतरायला पुन्हा एक नाणं उडवायचं होतं. आईत नसेल तर प्रश्न तिथेच मिटत होता. म्हणजे एका पायाच्या आकड्यावर दोघींचा हिशेब होता.

आणि आता एक एक आठवायला लागलं. गेल्या महिन्यात टाचेला फोड आला होता, तो नवऱ्याने मोज्यावर रक्त बघून दाखवला. मागच्या रविवारी भिंगरीने झोपलेल्या आईच्या तळव्यांना पिसाने गुदगुल्या केल्या होत्या आणि शेवटी कंटाळून ओरडली होती, "बाबा, आई बिघडली! हिला गुदगुल्याच होत नाहीत!" बाई तेव्हा म्हणाली होती, मोठ्या माणसांना नाही होत गं. खरं तर मोठ्या माणसांनाही चांगल्या होतात. आपण ढळढळीत खोटं बोललो आणि आपल्यालाच पटलं, याची तिला आता लाज वाटली.

जेवणाची सुट्टी झाली. मावशी डबा घेऊन खाली गेल्या. बाईने दाराला आतून कडी घातली.

यंत्राने नाव विचारलं. तिने लिहिलं, 'यंत्र चाचणी'. वय विचारलं, तिने शून्य टाकलं. मग खोलीतल्या गारव्यासाठी घातलेला उजवा मोजा काढून ती पलंगावर चढली आणि पाय पोटाशी ओढून घेतला. पावलावर बोटांकडे जाताना एक छोटासा स्नायू असतो, त्यावर तिने पट्टी चिकटवली. नसेला दोन ठिकाणी करंट द्यायचा, आधी घोट्यापाशी, मग गुडघ्याखाली. दोन्हीकडून निरोप स्नायूपर्यंत पोचायला किती वेळ लागतो ते बघायचं, मधलं अंतर टेपने मोजायचं आणि भागायचं. शाळेतल्या आगगाडीच्या गणितापेक्षा यात वेगळं काही नाही. तिने घोट्यावर करंट दिला. काही झालं नाही. वाढवला. आणखी वाढवला. रंगाऱ्याला लागला त्याच्या दुपटीवर गेला तेव्हा पडद्यावर एक लाट उठली. पायाची कातडी जाड आहे, तिने स्वतःला सांगितलं. अनवाणी चालून चालून जाड झालीय. खरं म्हणजे घरातही ती चपलेशिवाय वावरत नसे.

मग गुडघ्याखाली. टेपने अंतर दोनदा मोजलं. आकडा आला.

तेहतीस.

पायाला चाळीसच्या वर हवा. बेचाळीस, पंचेचाळीस, निदान चाळीस. तेहतीस आकडा समोर आला की ती पेशंटशी हवापाण्याच्या गप्पा सुरू करायची, म्हणजे त्याला तिचा चेहरा वाचता येऊ नये. आता गप्पा मारायला कुणी नव्हतं. ती पडद्याकडे बघत राहिली आणि मग एकदम तिच्या लक्षात आलं, की आपण किती मूर्ख आहोत.

पाय गार होता!

यंत्रासाठी खोलीत कायम गारवा ठेवलेला असतो. त्यात सकाळपासून ती इथे बसलेली. आणि गारठलेली नस हळू चालते, हे या खोलीतलं पहिलं शास्त्र. पेशंट आला की आधी हातपाय चाचपायचे, थंड असतील तर कोमट पाण्यात ठेवायचे, मगच यंत्राला हात लावायचा. दोन वर्षांपूर्वी नवीन आलेल्या एका मुलीने हे न करता एका धडधाकट माणसाला आजारी ठरवलं होतं, आणि बाईनेच तिला अर्धा तास फैलावर घेतलं होतं. तिने घाईघाईने तापमापीची टोकदार सळी कातडीला लावली. सव्वीस. बत्तीस तरी हवं. सहा अंश कमी! दर अंशाला वेगात जवळजवळ दोनाचा फरक. सहा दुणे बारा. तेहतीस आणि बारा, पंचेचाळीस. पंचेचाळीस म्हणजे निरोगी पाय. तिने हे गणित तीनदा केलं, तिन्ही वेळा पंचेचाळीस आलं आणि तिला रडूच फुटलं.

एक गोष्ट तिने बघितली नाही. बघितली नाही म्हणजे डोळ्यांसमोर होती आणि तिने कानाडोळा केला. पडद्यावरची लाट नुसती हळू नव्हती, बुटकी होती. गारव्याने लाट उशिरा येते, पण लहान होत नाही, उलट जरा उंचच होते. नसेत हजारो धागे असतात, ते विरळ झाले तरच लाट बुटकी होते. हे तिने किती जणांना शिकवलं होतं. दुसऱ्या कुणाची लाट असती तर आकडा बघायच्या आधी तिने उंची बघितली असती. पण माणसाला हवं ते एकदा सापडलं की पुढचं वाचायला तो थांबत नाही, आणि करंटबाईही शेवटी माणूसच.

डॉक्टरांच्या चहाची विजेची किटली कोपऱ्यात होती. तिने ती भरून लावली, पलंगाखालचा निळा टब ओढला, किटली उकळल्यावर सगळी ओतली आणि वर एक मग गार पाणी टाकलं. रोज हे काम मावशी करत. मावशींचा हात अंदाजाचा होता, हिचा घाईचा. तिने पाय टबात सोडला, घोट्याच्या जरा खालपर्यंत, आणि डोळे मिटले.

बरं वाटलं. कुठेतरी लांब ऊन पडलंय असं काहीतरी. पाच मिनिटं झाली. फारसं गरम वाटेना. या खोलीत कशाला ऊब टिकते म्हणून तिने किटली पुन्हा लावली आणि आणखी ओतली. मनात ती भिंगरीशी बोलत होती. आज घरी गेल्यावर म्हणायचं, कर गं गुदगुल्या, बघू कोण हसतं. चप्पल नवीन घ्यायची, पट्टा घट्ट असलेली. सहा दुणे बारा, पंचेचाळीस. मध्येच मन म्हणायचं, आणि करंट दुप्पट का लागला? ती म्हणायची, गप्प बस. मन गप्प बसत नव्हतं. ती पुन्हा गणित करायची.

दारावर थाप पडली. "ताई, कडी का लावलीय? जेवलात का?"

बाई दचकली. मांडीवर ठेवलेली तापमापीची सळी घरंगळली आणि टबात पडली. सळी महागाची होती. तिने ती काढायला पटकन हात पाण्यात घातला.

हात बाहेर आला होता. तिने काढला नव्हता. तो मनगटापासून झटक्याने वर येऊन छातीशी चिकटला होता, पाण्याचे थेंब तिच्या तोंडावर उडाले होते, आणि मग, त्यानंतर, तिला ती आग कळली. बोटं लाल झाली होती. तिने फुंकर घातली, बोटं तोंडात घातली. आणि बोटं तोंडात असतानाच तिने खाली बघितलं.

त्याच पाण्यात पाय होता. वाफ येत होती. पाय शांत होता. पाहुणा बसावा तसा निवांत, घोट्यापर्यंत लालभडक, आणि त्याची काही तक्रार नव्हती.

ती बघतच राहिली. हलणं तिला सुचलंच नाही. पाय काढ असं सांगायला आतून कुणीच आलं नाही. कण्यात हुकूम घेऊन बसलेल्या नसेला काही कळवलंच नव्हतं, तर ती तरी काय करणार?

"ताई! अहो ताई!" मावशींनी दार ढकललं, जुनी कडी निसटली. त्या आत आल्या, वाफ बघितली, टब बघितला आणि चौदा वर्षांचं अहोजाहो एका क्षणात गेलं. "अगं ए, पाय काढ! पाय काढ आधी!"

तेव्हा तिने पाय काढला. ठरवून, दोन्ही हातांनी गुडघा धरून, एखादी वस्तू उचलून बाजूला ठेवावी तसा काढला.

मावशींनी तिचा पाय खोलीतल्याच मोरीत नळाखाली धरला. गार पाणी बराच वेळ वाहू दिलं. फोड येणार हे दिसत होतं. मावशी बडबडत होत्या, वेडी का काय, हात घालून बघायचं नाही का, मला हाक मारायची नाही का. मग त्यांची नजर पडद्यावर गेली. तिथे ती लाट अजून तशीच होती. मावशींना आकडे कळत नव्हते, पण या खोलीत एकोणीस वर्षं पोछा मारून चांगली लाट कशी दिसते ते त्यांना माहीत होतं. त्यांनी नळ जरा मोठा सोडला.

"दुखतंय?" त्यांनी विचारलं.

"हात दुखतोय," बाई म्हणाली.

मावशींनी तिचा तो हातही नळाखाली घेतला. दोघी तशाच उकिडव्या बसल्या. बाईला वाटलं होतं हे कळेल तेव्हा आपण ओरडू, कोसळू. तसं काही झालं नाही.

"मोठ्या डॉक्टरांना बोलावते," मावशी म्हणाल्या.

"बोलवा. त्याआधी ते 'यंत्र चाचणी' काढून टाका. नाही, राहू द्या, मी काढते." ती लंगडत यंत्रापाशी गेली. लंगडायचं कारण नव्हतं, पाय दुखत नव्हता, तरी लंगडली. तिने नावाच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं, वडिलांच्या आडनावासकट. वय लिहिलं, अडतीस. मग पडद्याकडे पाठ करून पलंगाच्या कडेला बसली. पेशंट बसतात तिथे.

"ताई," मावशींचा आवाज खाली आला, "भिंगरीला यातलं काही सांगायचं नाही हं. लहान आहे. पळते, उड्या मारते, काय होतंय तिला? उगाच कशाला."

बाईने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मावशींना कळलं नाही. एवढी वर्षं ती दुसऱ्यांच्या आयांना याच पलंगावर बसवून सांगत आली होती, मुलांना घेऊन या, लवकर कळलं तर बरं असतं, पावलं जपता येतात, जोडे नीट घेता येतात, घाबरू नका, मुंगी चावल्यासारखं होतं. त्या आया माना डोलवत आणि परत येत नसत. आणि ही घरी जाऊन नवऱ्याला सांगायची, काय बायका असतात बघ, पोटच्या पोराचं तपासून घ्यायला घाबरतात.

खाली मैदानावर कुठल्याशा शाळेची मुलं सुटली होती आणि कालवा वर येत होता. बाईने खिडकी लावून घेतली.

"शनिवारी अर्धी शाळा असते तिची," ती म्हणाली. "घेऊन येईन."

"अगं पण..."

"घेऊन येईन, मावशी." तिने टबाकडे बघितलं. "तिचे पाय कायम गार असतात. पाणी तुम्ही करा. मला नका करू देऊ."